उत्तर चुकलं की काकू येतात

आमच्या शहाद्याच्या शाळेत चुनीलाल पाटील सर भूगोल शिकवतात. भिंतीला खिळा नसला तर स्वतःच नकाशा धरून तासभर उभे राहतील, असा माणूस. गाव प्रकाशा, घर तापीच्या काठाशी, मागे केळीचं शेत. बसला उशीर झाला की स्टँडवरून पळत येतात आणि धापा टाकत हजेरी घेतात. मुलंही मग तशाच धापा टाकत 'हजर' म्हणतात. सर रागावत नाहीत. त्यांना रागावताच येत नाही. त्यांच्या घरात ते खातं बायकोकडे, सरलाबाईंकडे आहे.

सरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा शाळेत नवीन टूम निघाली. रविवारी मुलांनी घरी मोबाइलवर धडा बघायचा. नुसता व्हिडिओ नव्हे. तो मध्येच थांबतो, प्रश्न विचारतो, आणि उत्तर दाबल्याशिवाय पुढे सरकत नाही. मुख्याध्यापक गिरासे सर एका कंपनीचे तयार धडे घ्यायला निघाले होते. त्यातला एक आम्हाला स्टाफरूममध्ये दाखवला. हिरव्या पडद्यापुढे उभा राहून एक गुळगुळीत तरुण म्हणाला, "टापी ही पश्चिमवाहिनी नदी आहे."

चुनीलाल सर खुर्चीतून उठलेच. "सर, तापी मी शिकवतो. तिच्या काठावर उभा राहून."

"तुम्हाला व्हिडिओ करता येतो?"

"शिकेन."

गिरासे सरांनी अट घातली. "एक रविवार देतो. निम्मा वर्ग पास झाला तर भूगोलाचे धडे तुमचे. नाही तर टापी."

सर खरंच शिकले. भाच्याकडून, रात्री जेवणं झाल्यावर, वहीत लिहून घेऊन. पाच प्रश्न काढले. उत्तर बरोबर आलं की व्हिडिओ पुढे जाणार, चुकलं की सर तोच भाग शांतपणे पुन्हा समजावणार. मला दाखवला. मी मराठी शिकवते, तेव्हा भाषा तपासायला म्हणून. खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा समजावताना मला डुलकी लागली.

सर हिरमुसले आणि पुन्हा प्रकाशाच्या घाटावर गेले. मोबाइल पायरीवर उभा केला, बोलायला लागले आणि घाईघाईत तोंडातून निघून गेलं, "तापी पूर्वेकडे वाहते." नेमक्या त्याच वेळी सरलाबाई घाटावरच्या केदारेश्वराचं दर्शन घेऊन पायऱ्या उतरत होत्या. हातात प्रसादाचा नारळ. त्या तशाच मोबाइलपुढे आल्या.

"डोया फुटनात का? सकायपासून समोर वाही ऱ्हायनी ती! नदी कधी डोंगरवर चढस का? मन्ही म्हैसले बी समजस हाई!"

सरांनी तो तुकडा पुसला नाही. पहिलं उत्तर चुकलं की स्वतःच्या ऐवजी हाच दाखवायचा, असं ठरवून टाकलं. उरलेल्या चार चुकांसाठी त्यांनी बाईंना गळ घातली.

"मी काय तमासगीर शे का?" म्हणून बाई आधी फणकारल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र चांगली साडी नेसून स्वतःच विचारायला आल्या, "आते कोनले वरडू?"

रविवारी धडा मुलांच्या मोबाइलवर गेला. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून मीही उघडला. पहिलं उत्तर मला येत होतं, पश्चिम. बोट पश्चिमेवर नेलं आणि हळूच पूर्व दाबलं. देवाने पाहिलं असेल. त्याच्या घाटावरचीच गोष्ट, तो समजून घेईल.

सोमवारी गिरासे सरांनी चुनीलाल सरांना बोलावलं. काहीतरी सह्या घ्यायच्या आहेत असं दाखवून मीही आत गेले. टेबलावर निकाल होता. चौसष्ट मुलं, एकसष्ट जणांनी शेवटपर्यंत पाहिलेलं, पास दोन. पहिल्यांदा दाबलेल्या उत्तराचेच गुण धरायचे, असं सरांनीच ठेवलेलं होतं.

"तीस वर्षं शिकवता," गिरासे सर म्हणाले, "आणि नववीला तापीची दिशा सांगता येईना?"

चुनीलाल सर खिशातला खडू काढून हातात फिरवत राहिले. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "सर, एकदा वर्गात तोंडी विचारून तर बघा."

गेलो तिघं. गिरासे सरांनी स्वतः प्रश्न विचारले. तापी कुठे वाहते? "पश्चिमेला!" कुठल्या समुद्राला मिळते? "अरबी!" प्रकाशाला तिला कोण येऊन मिळतं? "गोमाई!" पाचही उत्तरं सगळ्या वर्गाने ओरडून दिली. फक्त रिषभ मागच्या बाकावर तोंड पाडून बसला होता. त्याने काल सकाळीच, कुणाकडून काही कळायच्या आत, पाचही बरोबर दाबली होती, आणि आता बाकीच्यांनी पाहिलेलं त्याने पाहिलेलं नव्हतं.

"मग मोबाइलवर चुकीचं का दाबलंत?" गिरासे सरांनी विचारलं.

भाविका उभी राहिली. "सर, बरोबर दाबलं तर काकू येत नाहीत."

"म्हणून पाचही चुकीची?"

"सर, पाचव्याला काकू चप्पल काढतात ना."

"पाचव्याला नाही, चौथ्याला," गिरासे सर म्हणाले. "पाचव्याला नारळ उगारतात."

पहिल्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू मागच्या बाकापर्यंत गेलं. गिरासे सरांनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. मैदानात काहीही नव्हतं. चुनीलाल सर तेवढे हसले नाहीत. अतिशय आदराने त्यांनी विचारलं, "म्हणजे सर, आपले किती गुण आले?"

"पुढच्या रविवारी पुन्हा ठेवा," गिरासे सर दाराकडे जात म्हणाले. "पण उलट करा. बरोबर आलं तरच त्या दिसल्या पाहिजेत."

सरांनी तसंच केलं. आता उत्तर चुकलं की सर स्वतः येतात आणि शांतपणे, सावकाश, पुन्हा समजावतात. त्या धाकानेच की काय, अठ्ठावन्न मुलं पास झाली. टापीवाला तरुण आमच्या शाळेत पुन्हा दिसला नाही.

अडचण एकच आली. बरोबर उत्तर देणाऱ्याला शाबासकी द्यायची, असं सरांनी बाईंना परोपरीने सांगितलं होतं. बाईंनी चांगली साडी नेसली, पदर नीट केला, मोबाइलकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही.

"उनं का बरोबर उत्तर?" त्या म्हणाल्या. "मंग आते आरती करू का तुन्ही?"

सरांनी तेही तसंच ठेवलं.