ढब्बूचा बिनलोण्याचा खाऊ

आमच्या वरच्या मजल्यावर एक वायरमन राहतात. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी इमारतीत कुणाचा पंखा बंद पडला की जिन्यातून हाक जायची, "वायरमनकाका!", आणि काका पक्कड घेऊन हजर. स्वयंपाकघराशी मात्र त्यांचा संबंध मिक्सर दुरुस्त करण्यापुरताच. तो प्रांत काकूंचा. काकूंनी सगळी हयात एका पाळणाघरात मुलांना भरवण्यात घालवली होती. समोर कुणी दिसलं की त्याला भूक लागलेलीच असणार, असं त्या धरूनच चालायच्या.

त्यांचा कुत्रा ढब्बू. नावाला शोभेल असा गोल, चालताना पोट दोन्ही बाजूंना हलायचं.

मग काकूंना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग गॅस बंद करणं, मग घरचा रस्ता, पुढे लेकीचं नाव. ढब्बूला भरवायचं तेवढं त्या विसरल्या नाहीत. भरवून झालंय, हे मात्र विसरायच्या. त्यामुळे तो दिवसभर जेवतच असायचा. लोणी लावलेला पाव, चीज, स्वतःच्या ताटातलं तळलेलं अंडं.

एका सकाळी ढब्बू पाठीची कमान करून उभा राहिला, ओकला आणि जमिनीवर आडवा झाला. काकांनी त्याला चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेलं. स्वादुपिंडाला सूज आली होती. सलाइन लावून तो वाचला, पण जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी काकांना समोर बसवून बजावलं: तेल, लोणी, चीज, मांसाची चरबी यातलं काही याच्या पोटात जाता कामा नये. पुन्हा असंच झालं तर तो हाती लागेल याची खात्री नाही.

काकांनी घरी येऊन कपाटांना आणि फ्रिजला कुलपं लावली. सगळं विसरणाऱ्या काकू, पण कुलूप त्यांच्या बरोबर लक्षात राहायचं. त्या कपाटासमोर उभ्या राहून रडायच्या. "तो उपाशी आहे हो. तुम्ही त्याला मारायला निघालात."

त्याच सुमारास काकूंच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं. वजन फार उतरलंय, म्हणाले, लोणी, साय, जे खातील ते पोटात जाऊ द्या. म्हणजे एकीला जे औषध तेच दुसऱ्याला विष, आणि दोघं एकाच ताटावर बसलेले. काका डोळ्यांत तेल घालून पहारा देत. घरात तेल काय ते तेवढंच उरलंय, असं एकदा मला म्हणाले आणि स्वतःच कसंनुसं हसले.

दूरच्या शहरातली लेक फोनवर सांगत राहिली, बाबा, कुत्रा कुणाला तरी देऊन टाका, तुम्ही एकटे कुठवर पुरे पडणार. शेवटी काकांनी ऐकलं. एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी ढब्बूला सोडून आले. त्या दुपारी काका जरा कलंडले तेवढ्यात काकू अनवाणी खाली उतरल्या. मोठ्या चौकात गाड्यांच्या काचांवर थापा मारत त्या विचारत होत्या, माझा ढब्बू पाहिलात का? भाजीवालीनं ओळखून त्यांना घरी आणलं तेव्हा त्यांचे दोन्ही गुडघे सोलवटलेले होते.

ऊन उतरायच्या आत काका ढब्बूला परत घेऊन आले. पण वर गेले नाहीत. साखळी हातात धरून आमच्या दारासमोर पायरीवर बसून राहिले. मी पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं.

"कुत्रा ठेवला तर तो जातो. दिला तर ही जाते," ते म्हणाले. "मी काय करू, तूच सांग."

 साखळी मनगटाला गुंडाळत तेच म्हणाले, ती द्यायची थांबणार नाही, मग ती जे देते तेच बदलायला हवं.

ज्या माणसानं कधी चहा केला नव्हता त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारून रताळी उकडली, त्यात ओट्सचं पीठ मळलं आणि ओव्हनमध्ये घातलं. पहिला घाणा असा निघाला की त्याला भोक पाडायला ड्रिल मशिनच लागलं असतं. दुसरा आतून कच्चा, बाहेरून काळा. ढब्बू हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. काकूंनी एक तुकडा चाखून ताबडतोब थुंकला. कुणी केलंय हे, असं विचारून त्यांनी आपल्या पावावरचं लोणी बोटानं काढलं आणि टेबलाखाली धरलं. काका भांडी घासत होते. त्यांना दिसलं तोवर ढब्बू बोट चाटत होता.

पुन्हा दवाखाना, पुन्हा सलाइन. या वेळी ढब्बू मान उचलत नव्हता. काका बाकावर बसून त्याच्या पंजाला धरून होते.  डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आणखी एकदा हे सोसणार नाही.

ढब्बू घरी आल्यावर काका लाल भोपळा घेऊन ओट्याशी उभे राहिले. उकडलेला भोपळा पिठात कालवत होते, सगळं चिकट, हाताला लागून येत होतं. तेव्हा काकू आत आल्या. त्यांनी काकांना कमरेनं बाजूला ढकललं.

"असं नाही हो. आधी पाणी काढा त्यातलं."

त्यांनी भोपळा फडक्यात बांधून पिळला. पीठ कोरडंच भाजून घेतलं. अंड्यातला पांढरा भाग फेसून घातला. आपण कुठल्या घरात आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण बोटं चुकत नव्हती. काका पाहत राहिले आणि मनात पाठ करत गेले. ढब्बूनं तो खाऊ खाल्ला. दुसरा मागितला.

तेव्हापासून काकूंचा हात पोचेल तिथे त्याच खाऊचे डबे. काकूंनी किती वेळा भरवलं तरी आता भीती नव्हती. पण त्यांच्या स्वतःच्या पोटात लोणी जायलाच हवं होतं. म्हणून काका त्यांना झोपायच्या खोलीत नेत, आतून कडी लावत आणि घास घास भरवत. बाहेर ढब्बू दार ओरबाडायचा. तो आवाज ऐकून काकू घास तोंडात धरून रडायच्या. "कसाई आहात तुम्ही," म्हणायच्या. जिन्यात मला ऐकू यायचं. 

थंडी सुरू झाली तशा काकू आणखी खंगल्या. एका दुपारी टेबलापाशी बसल्या असताना त्यांनी ढब्बूकडे नवलानं पाहिलं आणि विचारलं, "हे कुत्रं कुणाचं?"

"आपलं. आपला ढब्बू."

काकूंनी अगदी सभ्यपणे मान हलवली. "याला सोडा हो. याच्या घरचे शोधत असतील."

संध्याकाळी मी वर गेले, तर काका फ्रिजचं कुलूप काढत होते. आता कडी नको, पहारा नको, सगळं सोपं झालं बघ, असं ते म्हणाले. मग फ्रिजच्या दाराला कपाळ टेकवून ते रडले. ढब्बू काकूंच्या खुर्चीपाशी मान वर करून बसला होता. काकूंच्या हातचाच घास तो घ्यायचा, म्हणून त्या दिवसापासून काका त्यांच्या तळव्यात खाऊ ठेवायचे, त्यांची बोटं आपल्या बोटांत धरून हात खाली न्यायचे, तेव्हा तो खायचा. ओलं नाक लागलं की काकू दचकून हात ओढून घ्यायच्या. तरी काकांनी ते सोडलं नाही. काकू अंथरुणाला खिळल्यावरही रोज करत राहिले.

थंडी सरता सरता काकू गेल्या.

ढब्बू आहे. बरगड्या मोजता येतील इतका वाळलाय. काका अजून भोपळा पिळतात, पीठ भाजतात, अगदी तस्साच खाऊ करतात. पण त्यांच्या हातून तो घेत नाही. तुकडा जमिनीवर ठेवून काकांना खोलीबाहेर जावं लागतं. दाराआड उभे राहून ते कान देतात, आणि बऱ्याच वेळानं आतून चावण्याचा आवाज येतो.