दुसऱ्या गिअरचा आवाज

अलीकडे गॅरेजात गाडी आली की मिस्त्री आधी विचारतात, "आवाज काढायचा की ठेवायचा?" गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय. पण यात चेष्टा कसलीच नाही.

एके काळी मिस्त्रींची ख्यातीच होती, की त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी तोंडातून शब्द काढत नाही. खुळखुळ असो की करकर, तिचा निकाल लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बायको म्हणायची, "घरात तेवढी मीच सुटले."

त्यांचे थोरले दादा लष्करात जीप चालवत. पुढे त्यांची दृष्टी गेली. दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या आवाजावरून ओळखायच्या, एवढाच काय तो विरंगुळा उरला. आणि आल्यागेल्याला एकच सांगणं, "आमची जीप चढावर दुसऱ्या गिअरला कण्हायची बिचारी. तिच्यात एकदा बसायचं राहिलंय."

राज्याच्या सीमेपलीकडे लष्कराच्या जुन्या जीप लिलावात निघाल्याचं कळलं, तेव्हा मिस्त्रींनी मागचा-पुढचा विचार केला नाही. बायकोला घेऊन गेले आणि तसलीच जीप घेतली. परतीच्या पहिल्याच चढावर ती दुसऱ्या गिअरला कण्हू लागली.

"हाच तो दादांचा आवाज," बायको हसून म्हणाली.

मिस्त्रींना हसू आलं नाही. त्यांचा कान तिथेच अडकला.

सीमेवरच्या चौकीत गाडी अडली. लष्कराची म्हटल्यावर जो तो दुसऱ्या साहेबाकडे बोट दाखवी, आणि तो साहेब काही जागेवर नसे. नुसतं बसून मिस्त्रींचे हात शिवशिवायला लागले. शेजारीच भंगारवाला होता, आणि त्याच्याकडे नेमका त्याच जातीचा धडधाकट गिअरबॉक्स होता.

"असू दे ना," बायको म्हणाली. "दादांच्या ओळखीचा आहे आवाज."

"दुखणं ओळखीचं असलं म्हणून काय जपून ठेवायचं? दादांनी जन्मभर सोसलं. मी असताना कशाला?"

त्यांनी गिअरबॉक्स बदलला आणि जुना भंगारवाल्याच्या पदरात टाकला. कागदांवर शिक्के मिळेपर्यंत जीप लोण्यासारखी चालायला लागली होती. सीमा ओलांडताना मिस्त्री गाडीच्या टायरांपेक्षा जास्त फुगले होते.

घरासमोरचा चढ त्यांनी मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये घेतला. दादा खिडकीत होते. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. हॉर्न वाजवला तेव्हा म्हणाले, "कोण पाहुणे?"

मिस्त्रींनी दादांना हाताला धरून गाडीपाशी आणलं. दादांनी बॉनेट चाचपलं, स्टिअरिंग चाचपलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हीच की. चल, चढावर घे."

जीप चढाला लागली. दादांनी सीटची कड घट्ट धरली, कान पुढे केला. अर्धा चढ सरला.

"धाकट्या, दुसरा टाक ना."

"दुसराच आहे, दादा."

मग चाचपडत दादांचा हात मिस्त्रींच्या पाठीवर आला.

"चांगली केलीस रे," ते म्हणाले.