चांदणी थोरल्यांची

निम्मी भांडी घासून झाली होती, निम्मी साबणाच्या पाण्यात तशीच बुडून होती, आणि टेलरबाई ओले हात पदराला पुसून मोबाइल घेऊन बसली होती. आठवड्यापूर्वी शेजारच्या नर्सबाईनं हौसेनं त्यात लुडो घालून दिला, तेव्हापासून तिचं कशातच लक्ष नव्हतं. लहानपणी या खेळापायी ती जेवणखाण विसरायची. तेव्हा पुठ्ठ्याचा पट होता, मधोमध फाटलेला, समोर थोरली बहीण. आता समोर कोण कुठली अनोळखी माणसं. पण फासा घरंगळला की छातीत तीच धडधड. हात जोडून देवापुढे उभं राहिलं तरी डोळ्यांपुढे सहाच येतात, असं सांगून ती आपणच कानाला हात लावायची.

गणवेशाची उंची कमी करून घ्यायला आलेली नर्सबाई तिच्या खांद्यावरून डोकावली.

"अहो, हलवताय कशाला? सोंगटी चांदणीवर आहे ना?"

"म्हणून तर हलवते. मागचा मारेल."

"चांदणीवर कुणी मारत नाही."

"थोरल्यांना नाही मारत. धाकट्यांना मारतात."

नर्सबाई हसून हसून लाल झाली. "फाशाला काय तुमची जन्मतारीख ठाऊक असते? हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

टेलरबाईनं दुसरी सोंगटी हलवली. चांदणीवरची तशीच ठेवली. मागून हिरवी सोंगटी आली आणि त्याच घरात, तिला खेटून उभी राहिली. कुणी मेलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ती चांदणीवर थांबली होती.

नर्सबाई गेली, तरी टेलरबाई उठली नाही.

ती आठवीत आणि ताई दहावीत असताना आईचं अर्धं अंग लुळं पडलं. एकीनं शाळा सोडून घरी राहायला हवं होतं. "कुणी ते तुमचं तुम्ही ठरवा," एवढं बोलून वडील कामावर निघून गेले. पोरींनी पट मांडला. हरेल तिनं राहायचं. धाकटीची शेवटची सोंगटी चांदणीवर होती, पुढं घर दिसत होतं. ताईनं ती मारली. "चांदणी थोरल्यांची," असं ती नेहमी म्हणायची, तेव्हाही म्हणाली. धाकटीनं मुकाट्यानं दप्तर रिकामं केलं. गणितात वर्गात पहिली येणारी पोर चौदा वर्षं आईचं हागणंमुतणं काढत राहिली. आई शेवटपर्यंत विचारायची, "थोरली आली का गं?" पुढं थोरली मुख्याध्यापिका झाली, आणि हिच्या हाती शिवणयंत्राचं चाक आलं. पण खेळात हरले, देवानं दिलेलं दान आहे, म्हणून तिनं कधी ब्र काढला नव्हता.

तिनं ताईला फोन लावला. तिला दुसरं काही नको होतं. ताईनं एकदा स्वतःच्या तोंडानं कबूल करावं, बस्स.

"ताई, चांदणीचा नियम तू बनवला होतास?"

"कसली चांदणी?"

"लुडोतली. माझी शाळा गेली तो डाव."

पलीकडं ताईनं टीव्हीचा आवाज कमी केला. मग ताई हसली. "बनवला असेल गं. पोरं करतातच असं. तू इतकी वर्षं खरं मानून बसलीस? कमाल आहे बाई तुझी! गणितात हुशार म्हणवायचीस ना?"

"ताई, माझी शाळा गेली."

"एकीची जाणारच होती. बरं झालं, तुझी गेली. मला नसतं जमलं ते घाणीतलं काम."

"मग आत्ता खेळ माझ्याशी. खऱ्या नियमानं. एकदाच."

"खेळू की! नातीनं घालून ठेवलाय माझ्याही मोबाइलवर. तेवढ्यानं तुझं समाधान होत असेल तर ये खेळात."

आपापल्या घरी बसूनच डाव रंगला; खेळातून एकमेकींचं बोलणंही ऐकू येत होतं. टेलरबाईनं एकही चांदणी सोडली नाही. तीन सोंगट्या घरात गेल्या, चौथी उरली. ताई मधेच कुणाला तरी चहा टाकायला सांगत होती. टेलरबाई मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती. आयुष्यात तिनं देवाकडं इतक्या हट्टानं काही मागितलं नव्हतं. चांदणीवरून उठायला एक पडला. एकच घर पुढं, साध्या घरात. मागून ताईला नेमका हवा तो आकडा पडला आणि टेलरबाईची सोंगटी सुरुवातीला जाऊन बसली. नियमात बसत होतं सगळं. पुढच्या तीन फाशांत ताई जिंकली.

लगेच तिचा फोन आला.

"बघितलंस? नियमानं खेळूनही तूच हरलीस. म्हणजे माझी काही चूक नव्हती. आता हे डोक्यातून काढ, आणि कुणापुढं बोलू नकोस, लोक हसतील. ऐकतेस ना?"

"हो, ताई."

"आणि येऊन हॉलच्या पडद्यांची मापं घेऊन जा. माझ्या सत्काराला घरी पाहुणे यायचेत. मागच्या दारानं ये गं, पुढची फरशी आत्ताच पुसलीय."

टेलरबाईनं गळ्यात टेप अडकवली, दाराला कडी घातली आणि ताईच्या पडद्यांची मापं घ्यायला निघाली.