मोहाखाली वाचलेला लेख

शिकवण्या बंद करून मी विज्ञानलेखक व्हायचं ठरवलं, तेव्हा वय पंचेचाळीस आणि छापून आलेले लेख शून्य. संपादक म्हणाले होते, तीन लेख द्या, एक जरी जमला तरी रविवारचं सदर तुमचं. दोन परत आले. बायकोने उरलेल्या तिसऱ्याबद्दल तिच्या बोलीत बजावलं, "हाऊ बी परत उना ते शिकवन्या चालू करा, हा!"

तिसरा मोहाच्या फुलांवर लिहिला, मोलगीजवळच्या टेकडीवर चढून, रेंजसाठी मोबाइल आभाळाकडे धरून पाठवला. आणि काय सांगू, पसंत पडला! मी टेकडीवर एकटाच वाकून चारी दिशांना नमस्कार करत सुटलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोहाच्या झाडाखाली आलो. डोंगर गोड वासात डुलत होता. पाला जाळून साफ केलेल्या जमिनीवर फिकट फुलं उतरत होती. टप. मग बराच वेळ काहीच नाही. मग टप. मी जागा होतो की झाडाला पडलेलं स्वप्न होतो, कोण जाणे.

झाड जिचं, ती म्हातारी फुलं वेचत होती. मी हात उंचावून, आवाज कापरा करून तिला लेख वाचून दाखवला. "वेचलेलं प्रत्येक फूल म्हणजे गमावलेलं एक फळ!"

ती थांबली. पहाडात सगळ्यांनाच अरे-तुरे. "मास्तर, तू वर बघितलंस का कधी?"

तिने फांदी वाकवली. फूल गळलेल्या जागी हिरवी काडी, बुडाशी इवलासा फुगवटा.

"वटवाघूळ रात्रीच येऊन गेलं. फळ इथे धरणार. झाडाने नुसते कपडे टाकले, ते आम्ही उचलतो. कपडे उचलले म्हणून पोर होत नाही का?"

दोन महिने मी पुस्तकं वाचली होती. मान वर करायची तेवढी राहिली होती.

शहरात कोणाला कळलं असतं? पण पुढच्या चैत्रात माझंच कात्रण घेऊन कोणीतरी हिला फुलं वेचू नको म्हणून सांगायला आलं असतं. मी धापा टाकत टेकडी चढलो आणि संपादकांना फोन लावला.

"साहेब, लेख चुकलाय. थांबवा."

"अहो, पान लागलंय!"

"काढा."

पलीकडे कागदांची फडफड. मग, "त्या जागी काय तुमचा फोटो लावू? एक तास देतो."

खाली आलो तर म्हातारी म्हणाली, "आधी टोपलीत टाक, मग लिही." एका हाताने वेचत, दुसऱ्याने मोबाइलवर लिहीत राहिलो. फुलं डोक्यावर पडत होती, बोटं चिकट झाली होती, अक्षरंही गोड लागत असावीत.

सदर मिळालं. म्हातारीचं कपड्यांचं वाक्य मी लेखात घातलं होतं, ते संपादकांनी कापलं. म्हातारीला वाचून दाखवताना मी ते परत घातलं, आवाज कापरा करून.