तिचं भलं चिंतताना

मला तिचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. वाळूजच्या कारखान्यात आम्ही दोघी एकाच टेबलावर सुटे भाग तपासतो, शिफ्टच्या बसमध्ये शेजारी बसतो. पडेगावच्या विहारात रविवारच्या ध्यानाला मला तीच घेऊन गेली. ती जन्मानं बौद्ध. मी शेतीवाडीच्या, मानपानाच्या घरातली. आमच्या ओसरीवर कोणत्या जातीच्या माणसानं कुठं बसायचं हे न सांगता ठरलेलं. ते माझ्यातही मुरलंय, ते मला काढून टाकायचंय, असं मी पहिल्याच दिवशी भंतेजींना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते नुसते हसले आणि म्हणाले, "बसा."

दोन वर्षं मी एकही रविवार चुकवला नाही. पाठ ताठ, डोळे मिटलेले, लक्ष श्वासावर. ती मात्र कधी उशिरा यायची, कधी बसल्या जागी डुलकी काढायची. आणि नव्या लोकांना ध्यान शिकवायचं काम भंतेजींनी दिलं कुणाला? तिला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या रविवारी तिनं मैत्रीभावना घेतली. आधी स्वतःचं मंगल चिंतायचं, मग जवळच्यांचं, मग ज्याच्याविषयी मनात अढी आहे त्याचं. माझ्यासमोर तिचाच चेहरा आला. 'हिचं भलं होवो,' मी मनात म्हटलं आणि दात करकरले. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. साऱ्या जगाला मैत्री वाटत फिरणारी मी, शेजारच्या सीटवरच्या बाईला चिमूटभर देऊ शकत नव्हते.

नंतर सगळे डबे उघडून जेवायला बसले. मी नेहमीसारखे धपाटे सगळ्यांना वाढले आणि बोलून गेले, "तुझं बरंय बाई. तुम्हाला हे घरातूनच मिळतं. आम्हाला घरच्यांशी भांडून यावं लागतं."

तिनं हातातला घास खाली ठेवला.

"घरातून काय मिळालं, सांगू? समोरचा आपल्या ताटाकडं कसा बघतो, ते आमाला ल्हानपणीच कळतं. तुझे धपाटे दोन वर्षं खाते मी, इथं बी आन् कारखान्यात बी. लई भारी असतात. माझ्या डब्यातलं तू एकदा तरी खाल्लंस व्हय?"

कधी पित्त, कधी उपवास, कधी 'पोट भरलंय गं'. प्रत्येक कारण त्या त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं. देताना माझा हात सढळ, घेताना तो आखडतो, हे इतके दिवस डोळे मिटून बसूनही मला दिसलं नव्हतं. हेवा मला दुसऱ्या कुणाचाही वाटला असता. पण एवढी आग पेटली ती *तीच* माझ्यापुढं गेली म्हणून, हेही तेव्हाच कळलं.

शरमेनं माझे कान तापले. मी घाईघाईनं तिच्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीकडं हात नेला. तिनं सावकाश झाकण लावलं.

"आज नको," ती म्हणाली. "आज तू भुकेनं खाणार नाय. भूक लागंल तव्हा माग."

त्याला आता चार महिने झाले. आम्ही रोज शेजारी बसून जेवतो, ती माझ्या डब्यातलं हक्कानं घेते. माझ्या तोंडून मागणं अजून निघालेलं नाही.