ट्रेलरच्या दारावरची यादी

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळी सात. हजर: सासूबाई, आमचे हे, मी आणि गाडीमागे जोडलेला एकाच आसाचा, दोन चाकांचा नवाकोरा ट्रेलर. (अक्कल हजेरीत धरलेली नाही.)

ट्रेलर ह्यांनी शेंद्र्याच्या एका वर्कशॉपात बनवून घेतला, तो खास सासूबाईंसाठी. आत पलंग, ओटा आणि मुख्य म्हणजे कमोड! गुडघ्यांपायी सहा वर्षं त्यांना माहेरी, देवगाव रंगारीला, मुक्काम करता आला नव्हता. अट एकच: "हललं-डुललं, तर मी पुन्हा त्याची पायरी चढणार नाही."

सामान भरायचं काम माझं. यादी करून मी ती ट्रेलरच्या मागच्या दारावर चिकटवली. नियम सोपा: आधी लागेल ते दाराशी. त्यामुळे पाण्याचे चार कॅन, सिलिंडर, पिठाचा डबा आणि सासूबाईंच्या भावजयीला द्यायचा पाटा-वरवंटा, सगळं शेपटाशी! पुढे फक्त उशा.

खुलताबादपर्यंत झकास. वेरूळचा उतार लागला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला.

"अहो, तो उजवीकडून येतोय!"

"आता डावीकडून," सासूबाई मागे वळून म्हणाल्या. "पुन्हा उजवीकडून."

ह्यांनी ब्रेक दाबला. मग तर तो आम्हाला ओलांडून देवगावला आधी पोहोचायच्या बेतात आला! शेवटी ह्यांनी पेडलवरून दोन्ही पाय उचलले, स्टेअरिंग घट्ट सरळ धरलं आणि गाडी हळूहळू मंदावली. उतार संपताच चहाच्या टपरीपाशी थांबलो.

"जोडणीच ढिली आहे," मी निकाल दिला. "सोडवून बघा."

ह्यांनी हुक सोडवला मात्र, ट्रेलरचं तोंड आभाळाकडे, शेपूट जमिनीवर! नेमक्या तेव्हा सासूबाई आत, कमोडवर होत्या. (त्या आत गेल्याचं माझ्या यादीत नव्हतं.)

"मेधाऽऽ! अगं, मी कुठं चालले?"

उसाची ट्रॉली उभी करून चहा पिणारा ट्रॅक्टरवाला धावत आला. तिघांनी मिळून तोंड खाली दाबलं, जोडलं. सासूबाई धडधाकट, पण उतरल्या आणि दारावरची माझी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. ते जास्त भयंकर होतं.

ट्रॅक्टरवाल्यानं आत डोकावलं. "ताई, माल कुणी भरला?"

"मी. यादीप्रमाणं."

"यादी लई झ्याक हाय. पर समदं वजन चाकामागं? शेपूट हलणारच की! जड सामान तळाला, चाकाच्या जरा पुढं घ्या. हुकावर थोडा भार पायजे."

"मग सगळंच पुढं ठेवते."

"नाय नाय! तुमच्या गाडीचं बूड बसंल ना!"

दहा मिनिटांत त्यानं सगळं नव्यानं लावलं. कागद न बघता! पुढे देवगावपर्यंत ट्रेलर शहाण्यासारखा आला. पण सासूबाई मुक्कामाला राहिल्या नाहीत. "ती यादी दारावर आहे तोवर मी आत पाऊल टाकणार नाही," असं भावजयीसमोर सांगून त्या संध्याकाळीच आमच्यासोबत परतल्या.

घरी येऊन मी नवी यादी केली. हुकावरचा भार वजनकाट्यावर बघणे, टायरची हवा, हुकाजवळची सुरक्षा-साखळी, उताराआधीच वेग कमी करायला ह्यांना बजावणे. सगळ्यांवर खुणा झाल्या. एकच काम राहिलंय: दारावरची जुनी यादी काढणे. गरम पाणी, रॉकेल, उलथनं, सगळं झालं, निघत नाही. तिच्यातलं पहिलंच काम होतं 'यादी पक्की चिकटवणे.' त्यावर माझी खूण आहे. दोनदा.