मिस्त्रींचा रविवार

कुठलंही बिघडलेलं यंत्र समोर आलं की मिस्त्री आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. बराच वेळ नुसतं पाहायचे. कोणी घाई केली की म्हणायचे, "आधी डोळं लावू, मग हात." असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपल्याला वाटतं, याला काही येत नसावं. आणि त्याचं निम्मं काम तोवर झालेलं असतं.

चिंचवड गावात मालकीणबाईंच्या अंगणाभोवती पत्र्याच्या चार खोल्या होत्या. एकीत आम्ही राहायचो, शेजारी मिस्त्री एकटे. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. मिस्त्री तिथे फिटर, माझे वडील तिथेच पहारेकरी. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मिस्त्री मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय कालेजवाले" म्हणायचे, आणि त्यात थट्टा किती आणि मान किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातून घेतलेली जुनी मोटारसायकल होती. लढाई पाहून आलेली, रंग उडालेली. ती फक्त रविवारी निघायची. चाकणच्या पुढे, जिथे एस.टी. जात नव्हती अशा गावी त्यांची आई राहायची. मोतीबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली होती, पण घर सोडायला ती तयार नव्हती. रविवारी पहाटे मिस्त्री निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. "लांबून फटफटीचा आवाज आला की म्हातारी तवा ठेवती," असं ते सांगायचे. एवढं एकच वाक्य ते दर आठवड्याला सांगत, आणि दर वेळी नवीन असल्यासारखं.

त्या गाडीचं तेल गळू लागलं. फार नाही, थेंब थेंब. पण अंगणातल्या फरशीवर काळा डाग पडला आणि मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, येत्या रविवारपतूर गळायचं थांबलं न्हाई, तर ही म्हस माझ्या अंगणात नको. सांगून ठिवते."

अंगणाबाहेर बैलगाड्यांचा रस्ता. तिथे गाडी ठेवायची सोय नव्हती. म्हणजे गाडी विकायची, आणि गाडी विकली की आईकडे जाणं महिन्या-दोन महिन्यांवर जाणार. मिस्त्री गाडीसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी हात पाठीमागे बांधले. मग म्हणाले, "मालकीणबाई, मूठभर रांगोळी द्या."

"इंजनावर रांगोळी? आता हळदीकुंकू पण करायचं का तिचं?"

"गुण आला तर तेबी करू."

त्यांनी इंजिन रॉकेलने पुसून कोरडं केलं, त्यावर रांगोळीची पूड उडवली आणि गाडी पाच मिनिटं चालू ठेवली. पांढऱ्या पुडीत एक बारीक काळी रेघ उमटली. तेल खाली कुठेतरी टपकत होतं, पण निघत होतं वर, इंजिनाच्या कडेच्या झाकणातून. "झाकणाखालचा पॅकिंगचा कागद गेलाय," मिस्त्री म्हणाले. "शनिवारी पाळी सुटली की उघडू."

इथून पुढचं लिहिताना मला अजून संकोच वाटतो.

शनिवारी मी कॉलेजातून लवकर आलो. मिस्त्री यायला अवकाश होता. त्यांनी माझी सायकल किती वेळा फुकट नीट करून दिली होती. मला वाटलं, आपणही काही करावं. झाकणाला चार बोल्ट होते. थोडे आवळले की गळती थांबेल, असा मी हिशेब केला. पाना हलेना. त्याच आठवड्यात आम्हाला तरफेचा नियम शिकवला होता: दांडा लांब, तर जोर जास्त. मी पान्याला हातभर लोखंडी नळी लावली आणि दाबलं. नियम अगदी खरा होता. बोल्ट करकरला, आणि मग एकदम मोकळा फिरू लागला. आतले आटे गेले होते. थेंबाची धार झाली.

मिस्त्री आले तेव्हा मी तिथेच बसलो होतो. पळून जावंसं वाटत होतं.

"मी आवळला," मी म्हणालो.

त्यांनी नळीकडे पाहिलं. "ही लावून?"

"हो."

"कालेजात तालीमबी हाय वाटतं." ते खाली बसले, बोटाने बोल्ट फिरवून पाहिला. मग हळू म्हणाले, "जोरानं गळती थांबत न्हाई, राव. दोन्ही अंगं नीट बसावी लागत्यात." मग त्यांनी धारेखाली एक डबा सरकवला. उद्या रविवार होता.

पहाटे ते माझी सायकल घेऊन गेले. रात्र पडल्यावर पाय ओढत परत आले. मी विचारलं, आई कशी आहे?

"आवाज न्हाई आला, म्हून तवा ठेवलाच न्हवता तिनं. दारात गेलो तर चोर समजून काठी उगारली." ते हसले. मग म्हणाले, "मग तोंडावरून हात फिरवून लई रडली. म्हनली, मला वाटलं आता तू यायचा न्हाईस."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी मालकीणबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. कसंबसं सांगितलं की आटे मी घालवले, मिस्त्रींना आणखी आठ दिवस द्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फरशी कोन घासनार?" मी म्हणालो, मी. त्या आठवड्यात रोज कॉलेजला जाण्याआधी मी राख आणि नारळाची शेंडी घेऊन फरशी घासली. माझी आई दारातून बघायची आणि कपाळाला हात लावायची.

कारखान्यातली हत्यारं घरच्या कामाला वापरायची तर फोरमनची परवानगी हवी, असा मिस्त्रींचा स्वतःचाच दंडक होता. ती गुरुवारी मिळाली. त्यांनी झाकणाखालचं भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडले आणि त्यात बसेल असा जाडसर बोल्ट आणला. पॅकिंगसाठी जाड कागद हवा होता. मी फिजिक्सच्या वहीचा पुठ्ठा फाडून दिला. तो जागेवर धरून कडेकडेने लहान हातोडीने ठोकत त्यांनी नेमका आकार कापून काढला. मग पाना माझ्यासमोर धरला.

"आवळा."

"मी?"

"मग कोन? समोरासमोरचे दोन, मग दुसरे दोन. थोडं थोडं. एकाला लाडावलं की दुसरा रुसतो."

मी पाना घेतला. ते पाठीमागे हात बांधून उभे होते. चार फेऱ्यांनंतर म्हणाले, "बास." मला अजून अर्धा आटा द्यावासा वाटत होता. पण मी थांबलो. रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी मालकीणबाईंनी ते स्वतः उचलून उजेडात धरलं, पालथं करून पाहिलं आणि घडी घालून चुलीपाशी नेलं.

त्या रविवारी मिस्त्रींनी मला मागे बसवून नेलं. गावाजवळच्या चढावरून धूर दिसला. म्हातारी दारात उभी होती. माझे दोन्ही हात हातात घेऊन तिने बोटं चाचपली. "ह्योच का आवळनारा?" ती म्हणाली. "मऊ हात हाय रं. चार भाकरी घाल ह्येला."

पुढच्या थंडीत ती गेली. दहा-बारा दिवसांनी मिस्त्री कामावर परतले. आता मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि मिस्त्री दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या गावी गेले आहेत. कुठे, ते नीट कोणाला माहीत नाही. पण ते परतल्यानंतरचा पहिला रविवार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पहाटे मी अभ्यासाला उठलो होतो. मिस्त्री आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, गाडीशेजारी पायरीवर बसलेले दिसले. उजाडलं तरी तसेच बसलेले. मी जवळ गेलो.

"कालेजवाले," ते म्हणाले, "तुमचं कुठं काम हाय का? सोडतो."

मला कुठेच काम नव्हतं. सोमवारी परीक्षा होती.

"आहे," मी म्हणालो. "मोशीला."

चाकणच्या वाटेवरच्या मोशीत माझं कोणी नाही, हे त्यांना माहीत असणार. त्यांनी विचारलं नाही. आम्ही इंद्रायणीच्या पुलापर्यंत गेलो. पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी बंद केली. पलीकडे चाकणचा रस्ता सरळ गेलेला दिसत होता, कांद्याच्या दोन गाड्या सावकाश चाललेल्या. ते बराच वेळ तिकडे पाहत राहिले, आणि मीही त्यांच्या शेजारी उभा राहून पाहत राहिलो.

"झालं का काम?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो.